किराया थकला, म्हणून घर गेलं का?

प्रश्न : वकीलताई, आम्ही नंदनवनला दोन खोल्यांत किरायानं राहतो. इतकी वर्षं किराया कधी चुकला नाही. यांची बुटीबोरीची कंपनी दिवाळीनंतर बंद पडली आणि आता चार महिन्यांचा किराया थकला आहे. महिन्याचे साडेसहा हजार. घरमालकांनी व्हॉट्सॲपवर ‘आठ दिवसांत खोल्या खाली करा’ असं पाठवलं. काल त्यांनी आमचा सबमीटर बंद केला आणि टाकीचा कॉकही फिरवून ठेवला. मोठीचे दहावीचे पेपर सुरू आहेत. करारनामा नाही, पावत्या नाहीत, पैसे नेहमी रोख दिले. आम्हाला निघावंच लागेल का?
— एक आई, नंदनवन

उत्तर : नाही. आठ दिवसांत तर नाहीच नाही. मुलीला सांगा, पेपर नीट दे, घर कुठं जात नाही.

आधी वीज आणि पाणी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ सांगतं की पाणी, वीज, संडास यांसारख्या अत्यावश्यक सोयी मालकाला पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत. किराया वसूल करायचा तर त्यासाठी दाव्याची वाट आहे, कॉक फिरवणं ही वाट नव्हे. तुम्ही लघुवाद न्यायालयात अर्ज करू शकता आणि सुनावणी पूर्ण होण्याआधीच पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेश मागू शकता. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी मॅटर आहे’ असं ऐकायला मिळेल, तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बंद सबमीटरचा आणि कॉकचा फोटो आजच काढून ठेवा, तारखेसह.

नागपूरच्या उन्हाळ्यात वीज तोडणं म्हणजे काय असतं ते मी कोर्टात पाहिलं आहे. एक बाई बाळाला घेऊन उभी होती. मे महिना होता आणि खोलीचा कूलर बंद पडून दोन-तीन दिवस झाले होते. तिनं काही न बोलता बाळाचं झबलं वर केलं. मानेपासून कंबरेपर्यंत घामोळ्यांनी अंग लाल झालं होतं. अर्जात मी जी दोन पानं लिहिली होती ती कुणी वाचली की नाही कोण जाणे, आदेश मात्र त्याच दिवशी झाला.

आता घर सोडण्याविषयी. तुमच्याकडे करारनामा नाही याची भीती बाळगू नका. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ नं मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पावती देणंही मालकाचंच काम, कलम २६. तुम्ही तिथं राहता हे दाखवायला आधार कार्डावरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, मुलीच्या शाळेचं बोनाफाइड पुरेसं होईल.

किराया थकला म्हणून दावा लावायचा तर मालकाला आधी मागणीची लेखी नोटीस द्यावी लागते, सहीनिशी, पोस्टानं किंवा हातोहात. त्यानंतर नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागला तरी कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तुम्ही सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचा किराया दर महिन्याला भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून कोर्ट ताब्याचा हुकूम देत नाही. तुमची थकबाकी २६,००० आहे. आज हिशेब केला तर व्याज साधारण आठशे रुपये होईल. मालक लाखाची भाषा करत असतील तर घाबरू नका, कागद-पेन घेऊन बसा.

आणि आजपासून रोख देणं बंद. हजार-दोन हजार जमले तरी बँकेतून किंवा यूपीआयनं पाठवा, ‘अमुक महिन्याच्या किरायापोटी’ असं लिहून. घेत नसतील तर मनिऑर्डर करा. परत आलेल्या मनिऑर्डरचा कागद जपून ठेवा. किराया द्यायची तयारी होती, याचा त्याहून चांगला पुरावा मी तरी पाहिला नाही.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे हे तुम्ही विचारलं नाही, पण ते मनात असणार. महिलांना मोफत विधी सहाय्य मिळतं आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या न्याय मंदिर इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन करायचा असेल तर १५१००. पत्रात तुम्ही शेवटी पेन्सिलीनं एक ओळ लिहून खोडली आहे, पण ती वाचता येते : ‘किराया देनं झालं नाही म्हून आम्ही चोर झालो का?’ ताई, तुम्ही चोर नाही. तुमच्यावर कर्ज आहे, आणि कर्जदाराला कायद्यानं दिलेला वेळ तुम्हालाही मिळाला पाहिजे.

प्रश्न : तुमचं सदर वाचते. तुमची सगळी माया किरायेदारांवर. माझं वय ७१. महालातलं जुनं घर, वरचा मजला किरायानं दिला आहे, त्यावरच माझं औषधपाणी चालतं. वरच्या कुटुंबात एकाला डायलिसिस लागलं आणि सात महिने एक पैसा नाही. माणसं वाईट नाहीत. मी त्यांना काय सांगू आणि मी काय खाऊ?
— एक घरमालकीण, महाल

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माया तुमच्यावरही आहे. नागपुरातले कितीतरी घरमालक तुमच्यासारखेच आहेत : एक मजला, एक किरायेदार आणि त्या पैशावर चालणारं म्हातारपण. दोन अडचणीतली घरं एकमेकांसमोर उभी राहतात आणि तिसरं कुणी मध्ये येत नाही, हे या विषयातलं मला सगळ्यात जास्त सलणारं दुखणं आहे.

तुम्ही दावा लावू शकता, नोटीस आणि नव्वद दिवसांची वाट वर सांगितलीच आहे. पण दावा आधी नको. त्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन ‘वादपूर्व प्रकरण’ म्हणून अर्ज द्या. दोघांना बोलावून मध्यस्थीनं बोलणं होतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते, आणि कोर्ट फी लागत नाही. तडजोडीत तीन गोष्टी लिहून घ्या : चालू महिन्याचा किराया कधीपासून पूर्ण सुरू होणार, जुन्या सात महिन्यांचे हप्ते किती आणि कोणत्या तारखेला, आणि हप्ता चुकला तर काय. मधल्या काळात अर्धा किराया मिळाला तरी घ्या, पावती द्या, पावतीवर ‘बाकी रकमेचा हक्क राखून’ असं लिहा. अर्धा घेतला म्हणून बाकीचा सुटत नाही. थकलेल्या किरायासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे उद्याच धावायची गरज नाही, पण बसूनही राहू नका.

डायलिसिसच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काही मिळतं का, हे त्या कुटुंबानं विचारलं आहे का? नसेल तर तुम्हीच त्यांना विचारायला लावा. दवाखान्याचा भार हलका झाला तर पहिला पैसा किरायाकडे वळेल.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं की थकलेल्या भाड्यासाठी संसदेत झगडलेल्या एका आयरिश नेत्याचं काम आपल्या आमदारांनी अभ्यासावं. नाव दिलं नव्हतं. पार्नेल का? आम्ही वर्गात पार्नेल शिकवला तो होमरूलपुरता. थकबाकीचा त्याच्याशी काय संबंध? आणि आज तिथले लोकप्रतिनिधी यावर काय करतात?
— निवृत्त इतिहास शिक्षक, धरमपेठ

उत्तर : हो सर, पार्नेलच. उत्तर लांबेल, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, आणि वरच्या दोन्ही पत्रांशी त्याचं नातं आहे.

चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जन्म १८४६, विकलो परगण्यातला जमीनदार. स्वतः किराया घेणाऱ्या वर्गातला. १८७५ मध्ये तो लंडनच्या संसदेत निवडून गेला, कारण आयर्लंडला तेव्हा स्वतःची संसद नव्हती. १८७० च्या दशकाच्या शेवटी लागोपाठ पिकं बुडाली, १८७९ चा पावसाळी उन्हाळा तर भयंकर गेला. बटाटा सडला, शेतमालाचे भाव पडले आणि कुळांचा खंड, म्हणजे जमिनीचा किराया, थकला. जमीनदारांनी घरं रिकामी करायला सुरुवात केली. १८८० या एका वर्षात दोन हजारांहून अधिक कुटुंबं बाहेर काढली गेली. मायकेल डेव्हिट या पार्नेलच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांना १८५० मध्ये खंड थकला म्हणूनच घराबाहेर काढलं होतं, तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्या डेव्हिटनं १८७९ मध्ये लँड लीग ही कुळांची संघटना उभी केली आणि पार्नेल तिचा अध्यक्ष झाला.

संसदेत काय झालं ते पाहा. १८८० मध्ये सरकारनं एक विधेयक आणलं : दुष्काळी भागात पीक बुडाल्यामुळे खंड देता न आलेल्या कुळाला बाहेर काढलं तर जमीनदारानं भरपाई द्यावी. कॉमन्स सभागृहात ते मंजूर झालं. लॉर्ड्स सभागृहानं २८२ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळलं. मग १८८१ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टननं मोठा भूमी कायदा आणला. रास्त खंड ठरवायला न्यायालय, खंड भरत असेल तोवर कुळाला हात लावायचा नाही, आणि कुळाला आपला हक्क विकता येईल. इतिहासाच्या पुस्तकांत याची स्तुती असते आणि ती योग्यही आहे. पण ‘खंड भरत असेल तोवर’ हे शब्द पाहा. ज्याचा खंड आधीच थकला होता त्याला या कायद्याचं दार उघडत नव्हतं. रास्त खंडासाठी न्यायालयात जाण्याआधीच जमीनदार त्याला थकबाकीवरून काढू शकत होता. असे लोक एक लाखाहून अधिक होते, आणि सगळ्यात गरीब तेच होते.

पार्नेलनं नेमकं तिथं बोट ठेवलं. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याला पकडून डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात टाकलं. तुरुंगातून सरकारशी बोलणी झाली, आणि त्यात त्यानं स्वतःच्या सुटकेपेक्षा थकबाकीचा प्रश्न पुढे ठेवला. एप्रिल १८८२ मध्ये त्याच्या पक्षाच्या जॉन रेडमंडनं संसदेत थकबाकीवर विधेयक मांडलं. २ मे रोजी पार्नेल सुटला आणि ऑगस्टमध्ये सरकारनं थकबाकी कायदा केला.

त्या कायद्याची रीत मला फार आवडते. ज्यांच्या जमिनीचं सरकारी मूल्यांकन तीस पौंडांपेक्षा कमी, म्हणजे लहान कुळं, त्यांच्यापुरता तो होता. समजा एकाचा वार्षिक खंड दहा पौंड आणि तीन वर्षं थकलेली. कुळानं एका वर्षाचे दहा पौंड भरायचे. बाकी भरण्याची ऐपत नाही हे दाखवायचं. मग सरकार एका वर्षाचे दहा पौंड जमीनदाराला देणार. उरलेले दहा माफ. सरकारनं पैसे आणले आयर्लंडच्या चर्चच्या मालमत्तेच्या निधीतून. जमीनदाराला सगळं बुडण्यापेक्षा दोन वर्षांचा खंड हातात आला, कुळाचं घर राहिलं, आणि मध्ये तिसरं कुणीतरी उभं राहिलं. महालच्या काकूंच्या जिन्यावर आणि वरच्या मजल्यावर आज असं तिसरं कुणी नाही.

शेतीचं कूळ आणि नंदनवनच्या दोन खोल्या यांत फरक आहे, हे मला कळतं. जमीन पिकते, खोली पिकत नाही. पण नोकरी गेल्यावर जे होतं ते पीक बुडाल्यावर होतं तेच.

पार्नेलबद्दल लिहिताना त्याच्या बहिणीला वगळणं मला जमणार नाही. ॲना पार्नेलनं जानेवारी १८८१ मध्ये लेडीज लँड लीग सुरू केली. पुढारी तुरुंगात गेल्यावर गावोगाव फिरून, घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना पैसे पोचवणं, त्यांच्यासाठी लाकडी झोपड्या उभारणं, कुठं किती लोक काढले याच्या नोंदी ठेवणं हे सगळं बायकांनी केलं. १८८२ मध्ये भावानंच या संघटनेचे पैसे थांबवले आणि ती बंद पडली. बहीणभाऊ पुढे कधी एकत्र आले नाहीत. संसदेत कायदा झाला तो पार्नेलमुळे, पण ज्या रात्री पोरांसह एखादी बाई रस्त्यावर होती त्या रात्री तिच्याजवळ पोचली ती ॲनाची माणसं. नागपुरात ज्या संस्था बायकांसाठी काम करतात त्यांना मी हे नेहमी सांगते.

आता आजचं. डब्लिनच्या लेन्स्टर हाऊसमध्ये आयर्लंडची स्वतःची संसद भरते. खालच्या सभागृहाला डॉल म्हणतात आणि सदस्याला टीडी. एकेका मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडून येतात, त्यामुळे मतदारसंघातलं प्रत्येक घर त्यांना धरून ठेवावं लागतं. आठवड्याला लोकांना भेटायची त्यांची ठरलेली वेळ असते, आणि तिथं किरायाची रडगाणी रोजची. एखाद्या आईची चिठ्ठी तिथून थेट लेखी प्रश्न होऊन मंत्र्याकडे जाते. अमुक नगरपरिषदेच्या घरांत थकबाकी किती? सरकारी मदत कापली गेली म्हणून किती घरं गेली? उत्तर छापलं जातं, कुणीही वाचू शकतं.

तिथं नगरपरिषदेच्या घरांचा किराया उत्पन्नावर ठरतो. कमाई घटली आणि ते वेळेत कळवलं नाही की थकबाकी साचत जाते. खासगी घरात राहणाऱ्या गरिबांसाठी २०१४ पासून हॅप नावाची मदत आहे. सरकार मालकाला किराया देतं आणि भाडेकरू त्याच्या कमाईप्रमाणे आपला लहानसा वाटा नगरपरिषदेला देतो. पण तो लहान वाटा थकला तर नगरपरिषद मालकाला जाणारी मोठी रक्कम थांबवू शकते. म्हणजे थोड्या पैशांच्या थकबाकीनं पूर्ण घर धोक्यात. टीडी यावर प्रश्न विचारत राहतात आणि ते विचारायलाच हवेत.

सर, हा सगळा इतिहास वाचून माझ्या मनात जे बसलं ते सांगते. संकटात कायदा धावून येतो तो किराया भरणाऱ्याच्या मदतीला. थकलेल्याला तो पुन्हा पुन्हा दाराबाहेर ठेवतो. १८८१ मध्ये ठेवलं. २०२२ च्या ३० ऑक्टोबरपासून ३१ मार्च २०२३ पर्यंत आयर्लंडनं घर रिकामं करून घेण्यावर हिवाळ्यापुरती बंदी घातली, तरी किराया थकवणाऱ्यांना त्या बंदीतून वगळलं होतं. सिन फेन पक्षानं ती बंदी जानेवारी २०२४ पर्यंत वाढवा असा प्रस्ताव आणला, त्यांचे गृहनिर्माण प्रवक्ते ओवेन ओ ब्रिन सभागृहात झगडले, प्रस्ताव हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा सरकारी आकडा पंधरा हजारांच्या वर गेला होता, त्यात साडेचार हजारांहून अधिक मुलं. या सगळ्यांचा किराया थकला होता असं नाही, बहुतेक जणांची घरं मालकानं विकायला काढली किंवा इतर कारणांनी गेली. पण थकबाकीदाराच्या घरातलं मूल त्या रांगेत कुठं जाऊन पोचतं, ते यावरून कळेल.

एक अपवाद मात्र आहे आणि तो मला आशा देतो. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० पासून, ज्यांची कमाई बुडाल्यामुळे किराया थकला त्यांच्यासाठीच आयर्लंडनं कायदा केला. भाडेकरूनं स्वतःच्या सहीनं कमाई बुडाल्याचं घोषणापत्र भाडेकरारांच्या मंडळाकडे द्यायचं, त्याची प्रत मालकाला. मग ठरावीक तारखेपर्यंत घर सोडावं लागणार नाही आणि नोटिशीची मुदत नव्वद दिवस. खोटं लिहिलं तर गुन्हा. आपल्याकडेही एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं किराया तीन महिने पुढे ढकला, कुणाला काढू नका असं मालकांना सांगितलं होतं. पण ती सूचना होती. तीन महिन्यांनंतर चढलेल्या थकबाकीचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि जुलैपासून माझ्याकडे माणसं यायला लागली.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई डब्लिनला असतात. जावयांची नोकरी गेली आणि दोन महिन्यांचा किराया थकला. मालकाच्या एजंटकडून चेतावणीचं पत्र आलं आहे, अठ्ठावीस दिवसांत भरा म्हणून. पोरगी फोनवर रडते. तिथं आमचं कोण आहे?
— प्रतापनगरहून एक आई

उत्तर : तिथं तिचा कायदा आहे, आणि तो या बाबतीत बरा आहे. थकबाकीची चेतावणी लेखी असावी लागते आणि तिची प्रत रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाला, म्हणजे आरटीबीला, पाठवलेली असावी लागते. प्रत गेली नसेल तर ती चेतावणी ग्राह्य नाही. त्यामुळे पहिलं काम : आरटीबीकडे प्रत पोचली का हे विचारणं. पैसे भरायला अठ्ठावीस दिवस, ते झाल्यावरच घर सोडायची नोटीस, ती पुन्हा किमान अठ्ठावीस दिवसांची, आणि तिच्याविरुद्ध आरटीबीकडे वाद नेता येतो. नोटीस आली तर तोही अठ्ठावीस दिवसांच्या आत न्यायला सांगा.

मॅब्स ही सरकारी पैशानं चालणारी मोफत सेवा आहे, ती घरखर्चाचा हिशेब मांडून मालकाशी हप्ते ठरवायला मदत करते. थ्रेशोल्ड ही भाडेकरूंना मोफत सल्ला देणारी संस्था आहे. मुलीला आजच दोघांना फोन करायला सांगा. ते दोघं मालक स्वतः राहतो त्याच घरातल्या एका खोलीत राहत असतील तर मात्र आरटीबीचं हे संरक्षण नाही, हे आधी तपासा. आणि ताई, पैशांची जुळवाजुळव करायला दागिने मोडू नका, आधी मॅब्सचं काय होतं ते पाहा.

प्रश्न : आम्ही मानकापूरच्या काही महिला मिळून हे सदर वाचतो. आमच्यापैकी बहुतेकींकडे अकरा महिन्यांचा करार आहे. वर तुम्ही सांगितलेलं नव्वद दिवसांचं आम्हाला लागू आहे का? आणि आमदार यात काय करू शकतात? निवडणुकीत ते येतात, नंतर आम्ही कुठं जायचं?
— महिला बचत गट, मानकापूर

उत्तर : पहिल्याचं उत्तर कडू आहे. अकरा महिन्यांचा करार खरोखर ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे भाडेकरार नसून फक्त राहण्याची परवानगी, असेल तर कलम १५ चं नव्वद दिवसांचं संरक्षण तुम्हाला नाही. मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो, आणि नंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाईही. वीज-पाणी तोडण्याचा हक्क मात्र यातून कुणाला मिळत नाही, आणि खोलीतून हातानं बाहेर काढण्याचाही नाही. तुमच्या करारात नेमकं काय लिहिलं आहे ते कुणाला तरी वाचायला द्या. नावावरून सगळं ठरत नाही.

आपल्या नागपुरात एकेकाळी वेगळी सोय होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९, इथं २००० सालापर्यंत चालला. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे मालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. तीन महिन्यांचा किराया थकला तरी आधी नोटीस, मग भरायला तीन महिने, मग परवानगीची सुनावणी. वर्षानुवर्षं प्रकरणं रेंगाळत, मालक हैराण होत, ते मी पाहिलं आहे आणि ते जसंच्या तसं परत यावं असं मी म्हणणार नाही. पण त्या सुनावणीत किराया का थकला हे विचारणारा एक अधिकारी समोर बसलेला असे. अकरा महिन्यांच्या करारात तो प्रश्न कुणीच विचारत नाही.

आमदार हा प्रश्न विचारू शकतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं अधिवेशन दरवर्षी आपल्या शहरात भरतं. मोर्चे टेकडी रोडपर्यंत येतात आणि तिथं थांबवले जातात. तुमचा कागद मात्र आत जाऊ शकतो. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना ही आमदारांची हत्यारं आहेत. पण प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरात विधानभवनासमोर उभं राहून उपयोग नाही. पावसाळ्यातच त्यांच्या कार्यालयात जा. विधान परिषदेचे आमदारही चालतात.

सोबत ‘आमचे हाल आहेत’ असं निवेदन नेऊ नका. प्रश्न लिहून न्या, मंत्र्याला आकड्यात उत्तर द्यावं लागेल असे. गृहनिर्माण मंत्र्यांना : नागपूर शहरात मागच्या पाच वर्षांत किराया थकल्याच्या कारणावरून ताब्याचे किती दावे दाखल झाले आणि कलम २४ खाली किती अर्ज आले? त्यांतल्या किती घरांत अठरा वर्षांखालची मुलं होती, आणि ही नोंद ठेवली जात नसेल तर कधीपासून ठेवणार? ताब्याचा हुकूम होण्याआधी ते कुटुंब विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवणं बंधनकारक करणार का? नोकरी गेल्याचं किंवा आजारपणाचं लेखी घोषणापत्र देणाऱ्या कुटुंबाला ठरावीक मुदत, आणि लहान घरमालकाला त्या काळातल्या किरायाचा काही भाग सरकारकडून, अशी योजना विचारात आहे का?

शेवटचा प्रश्न महालच्या काकूंनाही दाखवा, त्यांची सही त्याखाली असेल तर कागदाला वजन येईल. आमदारांच्या कार्यालयातून पोच घ्या आणि तिची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कोणत्या आमदारानं काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, ते जानेवारीच्या अंकात याच सदरात छापू.